डबा आणि पाटी

“आबा, अजिबात हलू नका. आन् तुमच्या डाव्या अंगाला जो मानूस उभा हाय ना, त्याला सांगा, लाईट जरा मागं घे म्हनावं.”

यासीन म्हणाला. एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, दुसरा मिटलेला. डाव्या अंगाचा माणूस म्हणजे मी. लाईटचा स्टँड माझ्याच हातात होता आणि यासीन माझ्यापासून चार पावलांवर. पण आठवडा होत आला होता, आम्ही एकमेकांशी थेट बोलत नव्हतो.

“आबा,” मी म्हणलं, “कॅमेऱ्यामागच्या मानसाला सांगा, लाईट हाय तिथं बरी हाय. फोटो काळा आला तर लाईटचा दोष न्हाय. लॅपटॉप लॅपटॉप करून डोळं बिघडल्यात त्याचं.”

“आबा, त्याला इचारा, माजं डोळं बिघडल्यात का त्याचं डोस्कं त्या डब्यात अडाकलंय?”

केराबा आबा पेन्शनच्या कामाला पासपोर्ट फोटो काढायला आले होते. नवी टोपी घालून स्टुलावर ताठ बसलेले. ओठ न हलवता म्हणाले, “आरं, हलू नका म्हनता, मंग निरोप सांगू कसा?”

“हलू नका!” आम्ही दोघं एकदमच ओरडलो. त्या आठवड्यातलं आमचं तेवढंच एकमत.

फोटो निघाला. त्यात आबांचा चेहरा असा आला होता की बघणाऱ्यानं पेन्शन वाढवूनच द्यावी. आबा स्टुलावरनं उतरले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “आता सांगा. भांडान कशाचं हाय?”

आबा म्हणजे साधा माणूस नव्हे. आमच्या भागातल्या बैलगाड्यांच्या शर्यतीचे ते झेंडा पंच. शेवटच्या रेषेवर उभे राहायचे, आणि त्यांचा झेंडा ज्या गाडीवर पडला ती गाडी पहिली. लोक एकमेकांची डोकी फोडतील, पण आबांच्या झेंड्याला उलट बोलायचे नाहीत. त्यांनी विचारल्यावर सांगणं भागच होतं.

तर भांडण असं होतं.

मी आणि यासीन मुलाणी, दोघांचा मिळून ‘दिलखुष फोटो स्टुडिओ’. मिसरूड फुटायच्या आधीपासून एकत्र. माझी शाळा चौथीत सुटली, त्याची पाचवीत; शिक्षणात तो माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं, हे तो अजून सांगतो. शूटिंग त्यानं करायचं, व्हिडिओची कापाकापी त्यानं करायची. गिऱ्हाईक मी आणायचं, लाईट मी धरायची, वरातीत नवरदेवाच्या मामाला बाजूला मी ओढायचं. शर्यतीवरची बंदी उठली आणि आमचं नशीब फळफळलं. प्रत्येक गाडामालकाला आपला बैल स्लो मोशनमध्ये पाहिजे. वरनं ड्रोन, खालनं कॅमेरा, बैलाच्या तोंडाचा फेस मोजता यावा असं चित्र पाहिजे. तसलं शूटिंग म्हणजे गाडीभर ऊस. आणि आमचा दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे म्हातारं गाढव. त्याला एक फायनल चढवली की पडद्यावरची निळी पट्टी अशी सरकायची की मध्ये माणसानं जेवून, झोपून, उठून यावं. मागची एक तार ढिली. ती कुणीतरी बोटानं दाबून धरली तरच ते चालायचं.

नवा घ्यायचं ठरलं. इथपर्यंत दोघं एका मताचे. मी म्हणलं, टॉवर घेऊ, टेबलावर ठेवायचा मोठा डबा. तो म्हणाला, लॅपटॉप घेऊ. आणि दुकानाला चीर गेली.

“आबा, तुमीच सांगा,” मी म्हणलं. “टॉवर म्हंजे छातीनं रुंद बैल. आत मोटंमोटं पंखं. कितीबी पळवा, दम लागत न्हाय. उद्या काम वाढलं तर झाकण उघडा, आत आनकी एक पार्ट बसवा. आन् ती पाटी? ती लॅपटॉपची पाटी म्हंजे कोवळं खोंड. सुटलं की वाऱ्यागत पळतंय, आन् अर्ध्या रानात जीब बाहेर. एवढ्याशा अंगात तापल्यावर हवा जायची कुठनं?”

“आबा, त्याला सांगा,” यासीन म्हणाला, “त्याचा बैल दावणीला बांधल्या जागीच पळतोय. मैदानात न्यायचा म्हनला तर टेंपो पायजे, टीव्ही पायजे, कीबोर्ड पायजे, लाईट गेली तर बॅटरीचं खोकं पायजे. आन् ते उचलायला मानसं. पाटी काखंत मारायची, मैदानात बसायचं, फायनल झाली की तितंच व्हिडिओ करून मालकाच्या हातात. गुलाल वाळायच्या आत!”

“ती काखंतनं कुटंबी जाती, हेच तर वंगाळ हाय,” मी म्हणलं.

“म्हंजे?”

“आबा, त्याला सांगा, मी तुमच्याशी बोलतोय.”

आबांनी दोघांकडं बघितलं. “मंग आता काय ठरलंय?”

“टॉवर आला तर मी ह्या दुकानात पाय ठेवनार न्हाय,” यासीन म्हणाला.

“आन् पाटी आली तर बोर्ड उतरवायचा,” मी म्हणलं. “सोमवारी वाटणी. कॅमेरा त्याला, लाईटी मला.”

बोललो खरा, पण कॅमेऱ्याशिवाय लाईटी घेऊन मी करणार काय? अंधारातल्या माणसांना उजेड दाखवत फिरणार? आणि यासीन एकटा लग्नाला गेला तर नवरदेवाच्या मामाला कोण ओढणार? पण जीभ मागं घेता येईना. त्याचीही येत नव्हती.

आबा उठले, टोपी डोक्यावर ठेवली. “येडं का खुळं रं तुमी? दोन बैलांत कुठला पळनारा हाय ह्यावर तोंडानं भांडत्यात व्हय? पळवा की! रविवारी मैदानात दोन्ही आना. एकच काम दोघास्नी द्या. ज्याची पट्टी आदी भरंल ती गाडी पहिली. हारंल त्यानं गप मान खाली घालायची आन् दुकानात यायचं. झेंडा मी टाकीन.”

आबांना नाही म्हणायची टाप कुणाची?

रविवारी दुपारी मैदानात जत्रा भरली. मला वाटलं होतं, आम्ही दोघं आणि आबा, बस्. पण शर्यत म्हणलं की आमच्याकडं माणूस जेवता जेवता उठतो. काय पळणार आहे हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आइस्क्रीमचा गाडा आला. हलगीवाले आले. मांडववाल्यानं जनरेटर आणि छत दिलं. दिनू गुरव माईक घेऊन हजर. दिनू आमच्या भागातला समालोचक. बैल दिसायच्या आधी त्याचं खानदान सांगणारा माणूस.

कराडच्या दुकानातले निनाद साहेब दोन्ही मशिनं घेऊन आले होते. पांढरा शर्ट, गळ्यात टाय. फोनवर आम्ही त्यांना ‘चार लोकांत डेमो द्या’ म्हणालो होतो. गाडीतनं उतरल्यावर त्यांनी हलगी ऐकली, माणसं बघितली आणि परत गाडीत बसले. आबांनी काच ठोकली.

“उतरा सायेब. गाड्या जुपायच्यात.”

“काका, अहो, ही इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे. धूळ चालत नाही हिला.”

“बैलालाबी चालत न्हाय. काय करता?”

छताखाली दोन टेबलं मांडली. एकावर टॉवर, काळाभोर, उंच, शेजारी त्याचा पडदा. दुसऱ्यावर लॅपटॉप, चकचकीत, पातळ. आबांनी दोन्हीकडनं फिरून बघितलं आणि हरकत काढली.

“हितं जोडी हाय. डबा आन् पडदा. तितं एकलाच का? एकला बैल पळवायची परवानगी न्हाय.”

“आबा, लॅपटॉपला पडदा अंगालाच असतो,” निनाद साहेब म्हणाले.

आबांनी झाकण वर करून बघितलं, खाली करून बघितलं. “म्हंजे सांदलेली जोडी हाय. चालंल.”

मग चिठ्ठ्या टाकल्या. कुणाचं टेबल कुठल्या पट्टीत. टॉवरला डावी पट्टी आली, लॅपटॉपला उजवी. टेबलं जागची हलणार नव्हती, तरी पट्टी पाहिजेच. चुन्याची फक्की मारून रेघा आखल्या. यासीनच्या बाजूला त्याची आई जैबूनचाची खुर्ची टाकून बसली. तिच्यामागं सगळी मुलाणी आळी. माझ्यामागं आमची भावकी. यासीनकडं मी बघितलं नाही. त्यानंही बघितलं नाही. पण तो नखं खात होता, हे मला कसं कळलं असेल?

काम ठरलं ते असं. मागल्या वर्षीची फायनल, ड्रोनची आणि खालची, सगळी एकत्र, स्लो मोशनमध्ये. निनाद साहेबांनी दोन्ही मशिनांत ती भरली. आता फक्त एक बटण दाबायचं. साहेब म्हणाले, मी समोरनं उभं राहून दोन हातांनी दोन्ही दाबतो. जैबूनचाची उठून उभी राहिली.

“त्यांचा उजवा हात डब्यावर पडनार, आन् उजवा हात चपळ असतो. मी न्हाय ऐकायची.”

त्यामुळं ठरलं की आपापल्या गाडीवर आपापला ड्रायव्हर. मी टॉवरच्या बटणावर बोट ठेवून वाकलो. यासीन पलीकडं वाकला. आबांनी झेंडा वर केला. हलगी थांबली.

झेंडा पडायच्या आधीच माझं बोट दाबलं गेलं.

“फॉल!” दिनू माईकवर किंचाळला. “टॉवरची गाडी आदी सुटली! गाडी माघारी! ड्रायव्हरला समज देण्यात येत आहे!”

आबांनी माझ्या पाठीत झेंड्याची काठी घातली. परत जुंपल्या. परत झेंडा वर. आणि या खेपेला, बरोबर सुटल्या.

“सुटल्या! गाड्या सुटल्या!” दिनूला आता कोण थांबवणार? “डाव्या पट्टीला रंगरावांचा टॉवर, काळा पहाड, गंभीर चालीचा! उजव्या पट्टीला यासीनभाईंचा लॅपटॉप, नाजूक अंगाचा, हरणाच्या पायाचा! आन् बगता काय, लॅपटॉपनं आघाडी घेतली! दहा टक्के! बारा टक्के! टॉवर आजून सातावर! अरे टॉवर, जेवून आलास का न्हाय?”

मुलाणी आळी नाचायला लागली. माझ्या भावकीतला एकजण माझ्या कानात म्हणाला, “रंगा, त्याला चाबूक न्हाय का दाखवता येत?”

“थांब,” मी म्हणलं. “दम बग.”

आणि झालं तसंच. उन्हाचा कडाका, छताखाली भट्टी. लॅपटॉपची पट्टी निम्म्यावर गेली आणि त्याचा पंखा शिट्टी मारल्यासारखा वाजायला लागला. मग पट्टी रेंगाळली. मग नुसतीच लुकलुकायला लागली. टॉवर आपला घुमत होता, त्याच चालीनं. बारीक बारीक पुढं. एकावन्न, बावन्न.

“लॅपटॉपला धाप लागली!” दिनू ओरडला. “टॉवर मागनं आला! बरोबरीत! खांद्याला खांदा!”

जैबूनचाचीनं आयुष्यभर बैल सांभाळलेले. तिनं हुकूम सोडला, “बगत काय बसला? गोनपाट भिजवून आना!”

“नाही! आजी, पाणी नाही!” निनाद साहेब मध्ये पडले. पण तोवर ओलं गोणपाट आलं होतं. ते पिळून, चौघडी घालून, चाचीनं आपल्या हातानं लॅपटॉपखाली सारलं. वर पाटीच्या पाठीवरनं हात फिरवला. “बास राजा, आता थोडंच ऱ्हायलं.”

हवा जायची भोकं होती खाली. ती बुजली. लॅपटॉप आणखीच हुंदके द्यायला लागला. यासीनला ते कळत होतं. तो “अम्मी, अम्मी” करत होता, पण आईपुढं आणि तेही सगळ्या आळीसमोर त्याचं काय चालणार?

इकडं माझ्या भावकीला वाटलं, ते एवढी सेवा करतात, आपण हात बांधून बसायचं? “टॉवरला मोकळं करा! श्वास घेऊ द्या!” एकानं स्क्रू काढला, दुसऱ्यानं टॉवरच्या अंगावरचं पत्र्याचं झाकण उतरवलं. आतले पंखे गरगर दिसायला लागले. एका पंख्यातनं जांभळा उजेड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निनाद साहेबांनी टाय सैल केला आणि मातीतच खाली बसले.

“नव्वद!” दिनूचा आवाज फाटला. “टॉवर नव्वदावर! लॅपटॉप सत्त्याऐंशी, पर मान टाकत न्हाय बगा, ह्याला म्हंत्यात जिगर! ब्याण्णव! निशान जवळ आलं! पंच्याण्णव! टॉवर, टॉवर, टॉवर!”

आता आमच्याकडची रीत अशी आहे, की पुढची गाडी निशाणाला आली की गुलाल हवेत जातो. निशाण ओलांडेपर्यंत कुणी थांबत नाही. थांबायचं म्हणलं तरी हात थांबत नाही. माझ्या भावकीनं गुलालाच्या पिशव्या आधीच फोडून ठेवल्या होत्या. सत्त्याण्णव म्हणल्याबरोबर सगळ्या मुठी एकदम सुटल्या.

गुलाल वर गेला, तिथनं खाली आला, आणि टॉवरच्या उघड्या अंगातल्या पंख्यांनी तो सगळा आत ओढून घेतला. पुढनं गेला तो मागनं निघाला. असा फवारा, की मागं उभे असलेले आबा टोपीपासनं वहाणांपर्यंत गुलाबी. टॉवर खोकला. खरंच खोकला, मी ऐकलाय. पडदा काळा पडला.

त्याच घटकेला पलीकडं लॅपटॉपनं एक लांब सुस्कारा सोडला आणि तोही विझला.

हलगी बंद. माणसं बंद. नुसता जनरेटर धडधडत होता.

दिनूनं माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, परत नेला. “दोन्ही गाड्या,” तो हळू म्हणाला, “बसल्या.”

मग जो कालवा उठला! टॉवर पुढं होता. नाही, शेवटाला लॅपटॉपनं उडी मारली होती. आधी कोण बसलं? आधी बसला तो हरला. मी आणि यासीन टेबलांच्या दोन बाजूंना उभे. आबा तोंड पुसत होते. पुसतील तितका रंग पसरत होता.

“आबा, निकाल!”

“डोळ्यांत गुलाल व्हता,” आबा म्हणाले. “मला काय दिसलं न्हाय.”

कुणीतरी ओरडलं, “मोबाईलवर शूटिंग झालंय! स्लो मोशन करून बगा!”

सगळ्यांनी माना हलवल्या. बरोबर आहे. स्लो मोशन करून बघायचं. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की स्लो मोशन करायला मशीन लागतं, आणि मशिनं दोन्ही बसलीत.

“दुकानातलं म्हातारं हाय न्हवं?” आबा म्हणाले.

आख्खं मैदान उठून दुकानासमोर आलं. आत फक्त आम्ही दोघं. यासीननं खुर्ची घेतली, मोबाईलमधलं शूटिंग म्हाताऱ्यात चढवलं. मागची तार ढिली, म्हणून मी टेबलाखाली शिरलो, उकिडवा बसलो आणि अंगठ्यानं तार दाबून धरली. मला त्याच्या चपला दिसत होत्या. त्याला माझं काहीच दिसत नव्हतं.

बटण दाबल्याचा आवाज आला.

“दाबून धर,” यासीन म्हणाला.

आठवडाभरानं थेट मला बोललेला तो पहिला शब्द. मी म्हणलं, “धरलीया.”

म्हातारं घरघरायला लागलं. बाहेर दिवेलागण होत होती, माणसं पायरीवर टेकली होती. निळी पट्टी कुठवर आली हे मला दिसायचं कारण नव्हतं. टेबलाखाली अंधार होता, आणि अंधारात माणसाला धीर येतो.

“यासीन्या.”

“हं.”

“पुन्याच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याचा तुला फोन येतोय, तिकडं कामाला ये म्हनून. मला म्हाईत हाय.”

“येतोय. मंग?”

“पाटी काखंत मारून जानार व्हतास न्हवं?”

चपला हलल्या. “त्यापाय तुला डबा पायजे व्हता?”

“डबा जड असतो. त्याच्यापाशी मानसाला यावं लागतं.”

यासीन हसायला लागला. आधी नाकातनं, मग खुर्ची हलेस्तोवर. “आरं येड्या, पुन्याला कशाला मरायला जाऊ? मला घरी जायचं व्हतं. माज्या घरी. चार गल्ल्या पलीकडं.”

“घरी? पाटी घेऊन घरी काय करनार?”

“ऱ्हाऊ दे.”

“सांग. न्हाईतर तार सोडतो.”

“सोडू नको, सोडू नको! वीस टक्के झाल्यात!” मग म्हणाला, “तू लई बोलतोस.”

“काय?”

“तू लई बोलतोस, रंग्या. सकाळी शटर वर गेलं की तुजं तोंड उघडतंय, ते शटर खाली आल्याबिगर मिटत न्हाय. मी नवरीच्या रडन्याला गानं जुळवतोय, आन् तू मागनं सांगतोस मेव्हन्याच्या म्हशीला रेडकू कसं झालं. मागल्या म्हैन्यात त्या शिंद्यांच्या लग्नाच्या व्हिडिओत मी पाठवनीला डोहाळजेवनाचं गानं लावलं. का? तर तू तवा बायकूच्या डोहाळ्याचं सांगत व्हतास. म्हनलं, पाटी असली की सकाळचं घरी बसून काम उरकावं. दुपारनं दुकानात यावं. तुजं ऐकायला.”

“मंग हे सरळ सांगायला काय झालं व्हतं?”

“काय सांगू? गप बस म्हनू? तुला? तू दोन दिस जेवला नसतास!”

“मी? मी कशाला जेवनार न्हाय?” असं म्हणत मी उसळून उठलो. टेबलाखाली आहे हे ध्यानात नव्हतं. डोकं फळीला लागलं, अंगठा सुटला, तार निसटली. म्हाताऱ्यानं टुक् केलं आणि पडदा गेला.

बाहेर सगळी माणसं एका सुरात “आऽऽ” म्हणाली.

मी डोकं चोळत बाहेर आलो. यासीन हसून हसून खुर्चीत आडवा झालेला. माझ्या तोंडावर गुलाल, त्याच्या तोंडावर घाम. मी म्हणलं, “पाटीच घे तू. घरी बस सकाळचं.”

“न्हाय. डबा घेऊ. दमानं पळत व्हता तो, मी बगितला.”

“पाटी म्हनतोय ना मी!”

“डबा! सांगून ठिवतो!”

“माजं ऐकायचं नसंल तर बोर्ड उतरव!”

“उतरव! डबा आला न्हाय तर मी पाय ठेवनार न्हाय हितं!”

दारात आबा येऊन उभे होते, कानापर्यंत गुलाबी. आमच्याकडं बघत राहिले. “आता कोन कुनाकडं हाय?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं.

आबा पायरीवर वळले आणि माणसांना म्हणाले, “ऐका. निशानाच्या रेषंवर काय झालं ते देवाला ठावं. पर आपल्या मैदानात ज्या गाडीवर गुलाल पडला ती गाडी पहिली. पडलेला गुलाल परत पिशवीत भरत न्हाईत. टॉवर पहिला.” आणि झेंडा टाकायला जागा नव्हती म्हणून तो त्यांनी आमच्या काउंटरवर टाकला.

निनाद साहेबांनी पण हेच सांगितलं, त्यांच्या भाषेत: गुलाल शिरलेला माल परत घेतला जाणार नाही. लॅपटॉप गार झाल्यावर चालू झाला, तो ते गाडीत छातीशी धरून घेऊन गेले. टॉवर परत नेण्यासारखा उरला नव्हता. त्याच रात्री सायकलच्या दुकानातल्या पंपानं हवा मारून मारून त्यातला गुलाल काढला. चालू झाला. चांगला चालू झाला, बरीच वर्षं चालला. उन्हाळ्यात पंखा जोरात फिरला की भिंतीवर गुलाबी ठिपके उठायचे, एवढंच.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. वाटणीचा म्हणून ठरलेला दिवस. सकाळी शटर मी वर केलं. मागोमाग यासीन आला, टॉवरसमोर बसला, कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग उघडलं. मी मनाशी पक्कं केलं होतं. तोंड उघडायचं नाही. लाईटी पुसल्या. काउंटर पुसलं. परत लाईटी पुसल्या. मेव्हण्याची म्हैस पुन्हा आजारी होती आणि तिची हकीकत माझ्या घशाशी येऊन बसली होती. मी पाणी पिऊन ती खाली ढकलली. गिऱ्हाईक आलं, त्याला हातानं खुणा केल्या. ते म्हणालं, घसा बसला का? मी मान हलवली.

दुपार व्हायला आली. टॉवर घुमत होता. यासीनची पाठ माझ्याकडं. एक क्लिप तो पुन्हा पुन्हा लावत होता, थांबवत होता, परत लावत होता. शेवटी त्यानं माऊस बाजूला ढकलला आणि मागं न बघताच ओरडला,

“बोल की आता भाड्या! एक गानं जुळंना झालंय मला!”